टायर कुंभार्लीसाठी घ्यायचा, रेससाठी नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात दुचाकीची काळजी कशी घ्यावी ह्यावर तुम्ही अर्धं पान छापलं होतं. चेनला ऑइल मारा, ब्रेक पॅड बघून घ्या, लाइट-इंडिकेटर तपासा, रेनकोट चांगला घ्या, सगळं बरोबर आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. टायरवर मात्र सगळी मिळून एक ओळ, "चांगली ग्रीप असलेले टायर वापरावेत". आता वाईट ग्रीपचा टायर द्या हो म्हणून दुकानात कोण जातंय? आणि चांगली ग्रीप म्हणजे कशावर चांगली, कोरड्यावर का ओल्यावर, एकट्याला का डबलसीट, हायवेला का घाटात, हे कुणीच सांगत नाही, म्हणून म्हणलं आपणच लिहावं. पत्र लांब झालंय, कात्री लावायची तर लावा पण टायर कधी तयार झाला त्या तारखेचं जे लिहिलंय ते तेवढं कापू नका.

मी कराडचा. गाडी बजाजची डॉमिनार ४००, २०१९ ची. ह्या जातीच्या गाडीला स्पोर्ट्स टूरर म्हणतात, म्हणजे पळायलाही पाहिजे आणि बॅगा बांधून, बायकोला मागं बसवून दिवसभर चालवताही आली पाहिजे. माझे रस्ते दोनच. पोरगं पुण्यात शिकतंय म्हणून महिन्यातून एक-दोनदा कराड-पुणे, एकशेसाठ किलोमीटर, खंबाटकी सोडला तर नाकासमोर सरळ. आणि सासरवाडी चिपळूणची, म्हणजे पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, अलोरे. ज्यांनी हा रस्ता जुलैत बघितलाय त्यांना सांगायला नको. कोयनेच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घाटात भर दुपारी हेडलाइट लावून चालायचं, वळणावर झाडाचा पाला, डोंगरातून वाहून आलेली लाल माती, मधेच कुठल्यातरी ट्रकचं सांडलेलं डिझेल आणि खड्डे बुजवायला टाकलेली सुटी खडी. पहिल्या रस्त्याला टायर टिकाऊ पाहिजे, दुसऱ्याला चिकट पाहिजे, आणि चाकावर टायर तर एकच बसतो. ह्या गाड्यांच्या टायरचं सगळं रडगाणं ह्यातच आलं.

गाडीबरोबर आलेला मागचा टायर सतरा हजार किलोमीटरला गेला, त्याने चांगली नोकरी केली. २०२३ च्या जूनमध्ये नवा घातला. दुकानाचं नाव लिहीत नाही, ते भांडण कधीच मिटलंय. दुकानदाराने माळ्यावरून टायर काढला, कागदाची पट्टी तशीच गुंडाळलेली, रबराची ती बारीक केसं जागच्या जागी, वर तीनशे रुपये कमी केले आणि चहा पाजला, मी खूश. बॅलन्सिंगचं विचारलं तर म्हणाला "बाइकला काय गरज नाय साहेब". नवा टायर सुरुवातीला निसटतो हे माहीत होतं, वरचा थर जरा घासला जायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात, तेवढे मी शहाण्यासारखे कोरड्या रस्त्यावर काढले.

जुलैतला शनिवार. घाट उतरताना एका डाव्या वळणावर, पुढं एसटी, माझा स्पीड फार तर तीस-पस्तीस, मागचा ब्रेक हलकाच दाबला आणि गाडीचं बूड उजवीकडं सरकलं. सरकलं म्हणजे कसं, पाटावर बसलेल्या माणसाचा पाट कुणीतरी हळूच ओढावा तसं. एबीएस थरथर करून त्याचं काम करत होतं पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, ग्रीप तो कुठून आणणार? गाडी वाकडी होत होत कठड्याला टेकली. पडलो नाही. सौ.चा घोटा फूटरेस्टला घासला, माझी बॅग फाटली. ती खाली उतरली, रेनकोट झटकला आणि म्हणाली, "अहो, टायर नवाच घातलाय ना?" मी म्हणलं हो. तर म्हणे, "मग जुना काय वाईट होता?"

चिपळूणला पोचल्यावर मेव्हण्याने मोबाइलचा टॉर्च लावून टायरची बाजू बघायला सुरुवात केली. त्याला गॅरेजचा नाद आहे. एका लांबट गोल चौकटीत चार आकडे होते, ३८१९. मला वाटलं मॉडेल नंबर असेल. तर तो हसायला लागला, "भावोजी, हा नवा टायर तर तुमच्या गाडीच्या वयाचा आहे की!" ३८१९ म्हणजे २०१९ सालचा ३८ वा आठवडा. गणपतीच्या सुमाराला तयार झालेला टायर, मी घातला २०२३ च्या जूनला. पावणेचार वर्षं तो कुणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याखाली भाजत पडलेला होता. अंगठ्याच्या नखाने दाबून बघितलं तर पुढच्या टायरचं रबर जरा आत जायचं, ह्याचं आपलं ढिम्म.

इथं मी प्रामाणिकपणे सांगतो, सगळा दोष तारखेचा नव्हता. सकाळी पंपावरच्या पोराने हवा जरा जास्तच, चाळीसपर्यंत भरली होती आणि मी "असू दे, डबलसीट आहे" म्हणून सोडून दिलं होतं. रस्त्यावर त्या जागी तेलाची झाक होती हेही परत जाताना दिसलं. आणि नीट सावलीत, अंधारात ठेवलेला टायर चार वर्षांत लगेच बाद होतो असंही नाही, मोठ्या कंपन्या साधारण पाच वर्षं वापरल्यावर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर काहीही झालं तरी काढा असं सांगतात. पण माझ्या पैशाने मी काय घेतोय हे मला कळायला नको का? दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर तारीख बघून घेतो आपण. सहा-आठ हजाराच्या टायरवर तारीख असते, फक्त ती अशी लिहिलेली असते की कळू नये.

हे जुने टायर येतात कुठून हेही सांगतो. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीवर बंधन घातलं, आधी जे मोकळेपणी येत होतं त्याला लायसन्स लागायला लागलं. देशातल्या कारखान्यांना आधार म्हणून ते केलं असेल, ट्रकच्या आणि कारच्या टायरला इथं पर्याय होते, पण मोठ्या बाइकचे टायर तेव्हा बरेचसे बाहेरूनच यायचे. त्यात आयएसआयचा शिक्का पाहिजेच. मग काय झालं, माल कधी येतो कधी येत नाही, आला की दुकानदार भरून ठेवतो, आणि ज्या साइजला गिऱ्हाईक कमी ती साइज माळ्यावर जाते. मी दुकानदारालाच शिव्या घालत नाही, त्याचाही पैसा अडकलेला असतो. पण अडकलेला पैसा माझ्या मागच्या चाकातून मोकळा करू नको बाबा.

आता तारीख झाली की बाकीचे आकडे. माझ्या मागच्या टायरवर लिहिलंय १५०/६० आर १७, ६६ एच. दीडशे म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, साठ म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के उंची, आर म्हणजे रेडियल (टायरच्या आतले दोरे सरळ आडवे असतात तो), सतरा इंची रिम. हे लोकांना माहीत असतं. पुढचं ६६ एच कुणी वाचत नाही आणि डबलसीट टूरिंग करणाऱ्याला तेच कामाचं. ६६ म्हणजे तो टायर ३०० किलोपर्यंत वजन घेतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालतो. पुढचा ५४ चा आहे, म्हणजे २१२ किलो. आता हिशोब करा, गाडी १९० किलोच्या घरात, मी ८२, सौ.चं वजन लिहिलं तर हे पत्र छापून आल्यावर घरात जेवण मिळणार नाही, पण धरा साठ-पासष्ट, आणि चिपळूणहून येताना आंबे, कोकम, सासूबाईंनी दिलेले फणसाचे गरे असं वीस-पंचवीस किलो. सगळं मिळून ३६० आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकावर. ३०० मध्ये बसतं, पण हवा बरोबर असेल तरच बसतं, तो ३०० चा आकडा पूर्ण हवेचा आहे. स्वस्त म्हणून कमी लोडचा किंवा कमी स्पीडचा, पी नाहीतर एस वाला टायर (पी म्हणजे १५०, एस म्हणजे १८०) कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. दीडशेच्या वर आपण कुठं चालवतो हा मुद्दा नाहीये, त्या अक्षरामागं टायर तापला तर किती सहन करतो ते असतं, आणि मे महिन्यात कराड-पुणे हायवेवर भर दुपारी डबलसीट जाऊन बघा टायर किती तापतो ते, हात लावून ठेवता येत नाही.

मग कुठल्या जातीचा घ्यायचा. इथं पोरांचं आणि माझं जमत नाही. माझा मुलगा व्हिडिओ बघून म्हणतो, "पप्पा, सॉफ्ट कंपाउंडचा स्पोर्टचा टायर घ्या, घाटात काय चिकटतो बघा." कंपाउंड म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण. चिकटतो, खरंय, पण कधी, तर तो गरम झाल्यावर. ट्रॅकवर पाच-सात राऊंड मारून टायर तापतो तसा तो कुंभार्लीत जुलैत कधी तापणार? वरून पाऊस, खालून पाणी, स्पीड तीसचा. थंड राहिला की तोच महागडा टायर बिचकून चालतो, शिवाय त्याला पाणी बाहेर काढायच्या खाचा कमी असतात. आणि नंतर हायवेवर आठ हजारातच मधून गोटा होतो. दुसरं टोक म्हणजे ते बटणवाले टायर, ॲडव्हेंचर लुक म्हणून हल्ली डॉमिनारला पण घालतात. मातीत छान. डांबरावर मात्र रस्त्याला टेकणारं रबरच कमी, बटणांच्या मधे नुसती हवा. आपली आणि रस्त्याची ओळख काय ती तळहाताएवढ्या रबराची, त्यातलं पण अर्धं कापून टाकायचं म्हणजे कमालच झाली.

स्पोर्ट टूरिंगचा टायर म्हणून जी जात आहे ती ह्या दोन्हीच्या मधली आणि ती आपल्यासाठीच बनवलीय असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात रबराबरोबर सिलिका जास्त घालतात, त्यामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावर रबर आखडत नाही. मागच्या टायरला बऱ्याचदा दोन कंपाउंड असतात, मधला पट्टा कडक म्हणजे कराड-पुणे त्याच्यावर, कडेचं रबर मऊ म्हणजे कुंभार्ली त्याच्यावर. माझे दोन रस्ते एका टायरवर असे मांडलेले बघितले तेव्हा मला खरंच बरं वाटलं. मिशलिनची रोड म्हणून मालिका, पिरेलीचा एंजल जीटी, मेट्झलरचा रोडटेक, ब्रिजस्टोनची टी मालिका हे सगळे ह्या जातीचे, आणि आता आपल्याकडचे पण आलेत, टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाउंड आहे, सीएटने २०२४ मध्ये स्टील रेडियलचा स्पोर्टरॅड आणला, अपोलोचा अल्फा एच१ आहे. टीव्हीएसने २०२० मध्ये त्यांच्या अपाचे आरआर ३१० ला कारखान्यातूनच मिशलिन रोड ५ घातला होता, म्हणजे तीनशे सीसीच्या गाडीला असा टायर म्हणजे चैन नव्हे. कुठला चांगला कुठला वाईट हे मी सांगणार नाही, मी सगळे वापरलेले नाहीत. सगळ्या साइज सगळ्यांत मिळत नाहीत, तुमच्या साइजचा, तुमच्या रस्त्याचा आणि ताजा, हे तिन्ही जिथं जुळेल तो तुमचा.

मधे मला फार महाग वाटायचं. मग एकदा वहीत हिशोब केला. समजा साडेसात हजाराचा टायर नऊ हजार किलोमीटर गेला तर किलोमीटरला ८३ पैसे. अकरा हजाराचा सोळा हजार गेला तर ६९ पैसे. वर चाक काढायची-घालायची मजुरी एकदाच. आणि आता २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, तेव्हा बिलावर अजून कुणी २८ लावत असेल तर तिथंच थांबवा. लोक क्रॅश गार्ड, फॉग लाइट, एक्झॉस्ट, मोबाइलचा स्टँड ह्याला पंधरा-वीस हजार घालतात, आणि टायरला म्हणतात अजून दोन हजार किलोमीटर निघतील. मीही म्हणायचो.

रुंद टायरचं एक खूळ आहे, त्याबद्दल दोन शब्द. दीडशेच्या जागी एकशेसाठ घाला, गाडी भरीव दिसते, हे मला तीन दुकानदारांनी सांगितलं. दिसते, नाही असं नाही. पण रिम तेवढीच राहते, रुंद टायर त्यात कडा दाबून बसतो आणि त्याचा माथा टोकदार होतो, मग वळताना गाडी एकदम पडल्यासारखी वाकते. उंचीपण बदलते, १५०/६० चा आणि १६०/६० चा हिशोब कागदावर करून बघा, चाकाचा व्यास १२ मिलिमीटरने वाढतो, चेन कव्हरला, मडगार्डला घासायची भीती. आणि पाण्यात रुंद टायर तरंगायला जास्त तयार असतो, कारण त्याला तेवढं जास्त पाणी बाजूला सारायला लागतं. कंपनीच्या इंजिनिअरने जी साइज काढली ती त्याने काय झोपेत काढलेली नसते. तसंच पुढं रेडियल मागं साधा बायस (आतले दोरे तिरपे असलेला) किंवा उलट असली खिचडी करू नका, दोघांचा वाकायचा स्वभाव वेगळा असतो, गाडी वळणावर दोन मनाची होते.

टायर कधी बदलायचा ह्यावर पाटणच्या एका पंक्चरवाल्या मामांनी मला शिकवलं ते सांगतो. मी नक्षी बघत होतो, खाचा अजून दिसत होत्या. मामांनी माझा हात धरला आणि टायरच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा फिरवला. "काय लागतंय?" मधे एकदम सपाट लागत होतं, ताट पालथं घातल्यासारखं, आणि दोन्ही बाजूला कंगोरा. म्हणाले, "पुण्याचा टायर हाय हा. घाटात ह्या कंगोऱ्यावर गाडी चढताना हिसका मारंल बघा." अगदी तसंच होत होतं, मला वाटायचं माझंच चुकतंय. सरळ हायवे मारून टायर असा चौकोनी होतो आणि खाचा शिल्लक असून घाटाला निकामी होतो. नियमाने दुचाकीला नक्षी कमीत कमी ०.८ मिलिमीटर लागते, टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर, म्हणजे झीज दाखवणारी खूण) किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेच्या तळाला एक उंचवटा दिसतो, रबर त्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण ०.८ हे कायद्याचं झालं. खाच दोन मिलिमीटरच्या खाली गेली असेल आणि पुढं पाऊस असेल तर मी मे महिन्यातच बदलतो, उरलेले दीड-दोन हजार किलोमीटर सोडून देतो, जीव नाही सोडत.

हवेचं मी वर कबूल केलंच आहे. आता घरी पाचशे-सहाशे रुपयांचा गेज ठेवलाय. सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना बघायची, कारण दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर बघितली तर आकडा वर गेलेला असतो आणि आपण उगीच हवा सोडतो. एकट्याला किती, डबलसीटला किती हे गाडीच्या स्टिकरवर आणि पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच घ्यायचं, पंपावरच्या पोराचं नाही. आणि घाटात जायचं म्हणून हवा कमी करायची ही जी टूम आहे ती लोड असताना तरी करू नका, टायरची बाजू मुडपते आणि आतून तापते.

बसवतानाचं राहिलं. मशीन असलेल्या ठिकाणी बसवा, टॉमी घालून हाणून बसवला तर अलॉयची कड खरवडते आणि तिथून हवा झिरपत राहते. टायरवर बाण असतो, चाक फिरतं त्या दिशेला तो पाहिजे, उलटा घातलेला मी डोळ्याने बघितलाय. उलटा घातला तर खाचा पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी आत ओढतात. व्हॉल्व्ह नवा घ्या, शंभरच्या आतलं काम आहे. आणि बाइकलापण बॅलन्सिंग लागतं, निदान पुढच्या चाकाला लागतंच, ऐंशी-नव्वदला हँडल थरथरायला लागलं की मग कळतं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. माझी मागणी साधी आहे. टायरच्या बिलावर कंपनी, साइज आणि किंमत ह्याच्याबरोबर ते चार आकडे लिहायचे. बस. पेनाने लिहिले तरी चालेल. ऑनलाइन विकणाऱ्यांनी पण ऑर्डर घेतानाच दाखवायचे, आत्ता काय होतं, पैसे आधी जातात, टायर घरी येतो आणि मग आपण टॉर्च लावून बघतो की हा कधीचा. जुना स्टॉक विकू नका असं मी म्हणतच नाही, जुना आहे असं सांगून स्वस्तात विका, एखादा शहरात दूध घालणारा घेईल, त्याला चालेल. एका दुकानदाराला मी हे बोललो तर तो म्हणाला, "साहेब, मग जुना माल कोण घेणार?" म्हणजे त्यालाही माहीत आहे.

आपल्याकडं गाडीचं रजिस्ट्रेशन एकदा झालं की पंधरा वर्षं टायरकडं कुणी सरकारी माणूस बघत नाही. पीयूसी विचारतात, इन्शुरन्स विचारतात, हेल्मेट बघतात, ते सगळं बरोबरच आहे, पण धूर मोजणारा माणूस खाली वाकून टायर बघेल तर काय बिघडेल? पावसाळ्याच्या तोंडावर हेळवाकला किंवा ताम्हिणीच्या अलीकडं एक टेबल टाकून नुसते टायर बघायला उभं राहिलं, दंड नको काही नको, नुसतं "तुमचा चौकोनी झालाय हो" एवढं सांगितलं तरी मोप झालं. शनिवार-रविवारी पुण्याकडून उतरणारी पोरं बघतो ना मी, गाडी तीन-चार लाखाची, अंगावर जॅकेट बारा हजाराचं, आणि मागचा टायर बघितला तर मधे आमच्या मामांचं ते पालथं ताट.

तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी जागा असेल तर टायरच्या बाजूचा एक फोटो मोठा करून छापा आणि कुठला आकडा म्हणजे काय ते बाण काढून दाखवा. अर्ध्या पानात बसेल, रेनकोटवाली जाहिरात थोडी सरकवा.

माझ्या मागच्या चाकात सध्या ४१२४ आहे, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरातला, दुकानात माळ्याखाली उभं राहून टॉर्च लावून मी स्वतः वाचून घेतला आणि दुकानदाराला बिलावर लिहायला लावला. तो वैतागला, लिहिलं मात्र. ह्या शनिवारी मेव्हण्याच्या मुलीचं बारसं आहे, पाऊस लागलाच आहे, सकाळी सहाला हवा बघून निघणार. सौ. म्हणते एसटीने जाऊ.

आपला वाचक,
एक डॉमिनारवाला, कराड